लाखेला पर्याय शोधणारा माणूस : लिओ बेकलँड

कोयता आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो, पण त्याच्या मुठीकडे कुणाचं लक्ष नसतं. ती हातात खुळखुळायला लागली की मगच आठवण होते. रोह्याला लागून असलेल्या आमच्या वरसे गावात आणि आजूबाजूच्या वाड्यांवर हे दरवर्षीचं दुखणं आहे. रायगड जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. चार महिने लाकूड पाणी पिऊन फुगतं, मार्च-एप्रिलच्या उन्हात आकसतं आणि मुठीला उभी चीर पडते. मग कुणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो, कुणी तार आवळतो, कुणी रोह्याच्या बाजारातून फेविक्विकची छोटी ट्यूब आणून आत पिळतो. पंधरा दिवसांनी चीर पुन्हा हजर! धाटावची केमिकल एमआयडीसी एवढी जवळ, पण कुठल्या चिरेला काय लावायचं हे मात्र अंदाजपंचेच चालतं.

वास्तविक या प्रश्नाचं निम्मं उत्तर आपण फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत पाठ केलेलं असतं. थर्मोप्लास्टिक आणि थर्मोसेटिंग यातला फरक लिहा, गुण चार. फरक लिहितो, गुण मिळतात आणि विसरून जातो. त्यातल्या दुसऱ्या शब्दामागे एक जिवंत माणूस होता, आणि तो आपल्याच देशातल्या एका चिकट पदार्थाला पर्याय शोधत होता, हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नसतं. तो पदार्थ म्हणजे लाख आणि तो माणूस म्हणजे लिओ हेंड्रिक बेकलँड. कुकरच्या दांड्यापासून इस्त्रीच्या मुठीपर्यंत आणि जुन्या काळ्या स्विचपासून काळ्या टेलिफोनपर्यंत ज्याला आपण बेकेलाइट म्हणतो, त्या नावातला 'बेकेल' तो हाच.

आधी लाखेबद्दल दोन शब्द. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा राहतो. तो जी राळ सोडतो ती लाख. छोटा नागपूरच्या पट्ट्यात आणि आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीकडे आदिवासी कुटुंबं ती गोळा करत आली आहेत. साफ करून, वितळवून, पातळ पत्र्यासारखी ताणली की तिला शेलॅक म्हणतात. सावंतवाडीच्या खेळण्यांवरचा चकचकीत रंग लाखेचाच. आणि जुन्या सुऱ्या, कट्यारी, तलवारी यांची पाती मुठीत बसवायची ती लाखेनंच. पात्याची मागची निमुळती शेपटी तापवायची, मुठीच्या पोकळीत लाख किंवा राळ भरायची, शेपटी आत दाबायची आणि गार होऊ द्यायचं. एकही स्क्रू नाही. मूठ सैल झाली तर पुन्हा तापवायचं, पुन्हा बसवायचं. दुरुस्तीच्या दृष्टीनं लाखेइतका सोयीचा पदार्थ नाही. पण तोच तिचा दोषही. सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास ती नरम पडते. चुलीजवळ ठेवलेल्या सुरीची मूठ हातात येते ती त्यामुळे. शिवाय ती पेटतेही झकास. लाक्षागृहाची गोष्ट आपण आजीकडून ऐकलेली आहेच.

असो. आता लिओकडे वळू.

बेल्जियममधल्या गेंट शहरात १४ नोव्हेंबर १८६३ रोजी लिओचा जन्म झाला. वडील चांभारकाम करणारे, आई लोकांच्या घरी कामाला. मुलानं लवकर आपल्या धंद्याला लागावं हे बापाचं मत, आणि पोरगा शिकलाच पाहिजे हा आईचा हट्ट. आई जिंकली. (आपल्या हॉस्टेलवरसुद्धा अशा आईच्या हट्टामुळे आलेले किती जण निघतील, मोजून बघा.) पोराला फोटोग्राफीचा नाद. फोटोसाठी सिल्व्हर नायट्रेट पाहिजे आणि विकत घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा त्यानं वडिलांनी दिलेल्या घड्याळाची चांदीची साखळी ॲसिडात विरघळवून ते तयार केलं, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात. थोर लोकांच्या बालपणीच्या गोष्टी जरा सांभाळूनच ऐकाव्यात, पण पुढचा लिओ पाहिला तर ही पटण्यासारखी आहे.

गेंट शहराच्या स्कॉलरशिपवर तो विद्यापीठात गेला आणि १८८४ साली, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. त्या वयात आपली टी.ई.ची केटी क्लिअर होत असते! पुढे तिथंच प्राध्यापक थिओडोर स्वार्ट्स यांच्या हाताखाली शिकवू लागला आणि सरांच्या मुलीच्या, सेलीनच्या, प्रेमात पडला. ऑगस्ट १८८९ मध्ये दोघांचं लग्न झालं. लगेच प्रवासासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर दोघं अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक चँडलर भेटले आणि त्यांनी सुचवलं की राहा इथंच. विद्यापीठातली पक्की नोकरी सोडून बेकलँड अमेरिकेत राहिले. फोटोचं साहित्य बनवणाऱ्या अँथनी कंपनीत काही दिवस काम केलं आणि १८९१ मध्ये तेही सोडून स्वतःचा सल्लागाराचा धंदा थाटला.

इथून पुढची दोन वर्षं मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटतात, आणि नेमकी तीच बहुतेक लेखांत एका ओळीत उरकलेली असतात. एकाच वेळी त्यांनी दहा-बारा कल्पना हातात घेतल्या होत्या. एकही पुरी होईना. पैसे संपले, त्यात मोठं आजारपण आलं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी हिशेब केला आणि ठरवलं की एकच काम धरायचं, ज्याचा निकाल लवकर लागेल असं. ते काम म्हणजे वेलॉक्स नावाचा फोटोचा कागद. तोपर्यंत फोटो छापायला सूर्यप्रकाश लागायचा; ढग आले की धंदा बंद. वेलॉक्स कागदावर दिव्याच्या उजेडात फोटो छापता येई. १८९३ मध्ये नेपेरा केमिकल कंपनी निघाली. ते वर्ष अमेरिकेत भयंकर मंदीचं, फोटोग्राफर मंडळी नव्या कागदाला हात लावायला तयार नव्हती, आणि त्याच काळात बेकलँड दांपत्याची पहिली मुलगी लहानपणीच गेली. पण कागद हळूहळू चालला, मग जोरात चालला आणि १८९९ मध्ये कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमननं सगळी कंपनीच विकत घेतली. रक्कम साडेसात लाख ते दहा लाख डॉलरच्या दरम्यान सांगितली जाते. फोटोग्राफीच्या क्षेत्रात पुन्हा उतरायचं नाही, ही त्यात अट.

पस्तिशीतच माणूस श्रीमंत झाला. यॉन्कर्स गावात हडसन नदीकाठी मोठं घर घेतलं आणि आवारातल्या एका गोठेवजा इमारतीत प्रयोगशाळा केली. आणि मग काय केलं? तर १९०० साली जर्मनीत शार्लोटेनबर्गच्या तंत्रशाळेत विद्यार्थ्यासारखे जाऊन बसले, कारण इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत आपण मागे पडलो असं त्यांना वाटलं. डॉक्टरेट होती, बँकेत पैसे होते, तरी पुन्हा लॅबच्या बाकावर! परतल्यावर नायगाराच्या विजेवर चालणाऱ्या एका क्षार-क्लोरिन कारखान्याच्या उभारणीत त्यांनी सल्लागार म्हणून काम केलं.

त्या दिवसांत वीज वेगानं पसरत होती. मोटार, जनरेटर, तारा, स्विच, सगळीकडे विजेला अडवणारा पदार्थ हवा होता आणि त्यासाठी शेलॅक वापरत होते. शेलॅक यायचं मुख्यतः हिंदुस्थानातून. किडा आपल्या गतीनं काम करणार. त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही. मागणी वाढली, भाव चढले. तेव्हा प्रयोगशाळेत लाख बनवता आली तर, असा विचार अनेक जण करत होते. बेकलँड त्यांतले एक.

सामान जुनंच होतं. एक फिनॉल, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारं कार्बोलिक ॲसिड. दुसरं फॉर्मल्डिहाइड, ज्याचं पाण्यातलं द्रावण म्हणजे बायोलॉजीच्या बरणीतलं फॉर्मलिन. ही दोन एकत्र तापवली की राळेसारखा गोळा तयार होतो हे १८७२ मध्येच जर्मनीत अडॉल्फ फॉन बायर यांनी नोंदवलं होतं. पण तो गोळा विरघळत नाही, वितळत नाही, शुद्ध करता येत नाही, काचपात्राला चिकटला तर पात्र फोडावं लागतं. त्या काळच्या केमिस्टला स्फटिक हवे असत. असला चिकटा म्हणजे प्रयोग फसला असं समजून लोक तो फेकून देत.

बेकलँड आणि त्यांचे सहायक थर्लो यांनी आधी लाखेसारखी विरघळणारी राळ केली, तिला नोव्होलॅक नाव दिलं. धंदा म्हणून ती फारशी चालली नाही. मग त्यांनी प्रश्नच उलटा केला. जे कशातच विरघळत नाही, तापवून वितळत नाही, तेच तर विजेच्या कामाला पाहिजे! फेकून दिलेला चिकटा हाच खरा माल. फक्त तो आपल्या ताब्यात आला पाहिजे.

आणि आपल्या विषयाशी थेट भिडणारा भाग इथंच येतो. जून १९०७ मध्ये बेकलँड यांचे प्रयोग चालू होते ते लाकडावर. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडचं मिश्रण लाकडात मुरवून तापवलं तर लाकूड कडक आणि टिकाऊ होईल का, हे त्यांना पाहायचं होतं. बंद नळ्यांत लाकडाचे तुकडे आणि मिश्रण घालून तापवणं चालू होतं. लाकूड राहिलं बाजूला. त्यातून पाझरून नळीत घट्ट झालेली राळच जास्त कामाची निघाली. थोडक्यात, ज्या पदार्थाला आपण पहिलं खरं कृत्रिम प्लास्टिक म्हणतो, तो लाकडाची मजबुती वाढवायच्या खटपटीतून हाती आला.

अडचण होती ती बुडबुड्यांची. ही रासायनिक क्रिया होताना पाणी सुटतं. शंभर अंशाच्या वर तापमान गेलं की त्याची वाफ होते आणि माल स्पंजासारखा फुगतो. म्हणून बाकीचे लोक तापमान कमी ठेवून दिवसचे दिवस वाट पाहत. बेकलँड यांनी बरोबर उलटं केलं. तापमान दीडशेच्या आसपास न्यायचं, पण बंद भांड्यात बाहेरून दाब देऊन, म्हणजे वाफेला फुगायला जागाच नाही. मेसमधला प्रेशर कुकर डोळ्यांसमोर आणा. अर्ध्या दिवसाचं काम तासाभरावर आलं आणि माल घट्ट, बुडबुडा नसलेला. या 'उष्णता आणि दाब' पेटंटचा अर्ज त्यांनी १३ जुलै १९०७ रोजी केला. ते ७ डिसेंबर १९०९ ला मंजूर झालं. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न हे इंजिनियर याच वाटेवर होते. तिकडच्या पेटंटसाठी त्यांना फक्त एक दिवस उशीर झाला, असं सांगतात. सबमिशनच्या डेडलाइनला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

५ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी हा शोध जाहीर केला. राळेच्या तीन अवस्था त्यांनी वेगळ्या केल्या. पहिली पातळ, मधासारखी, स्पिरिटमध्ये विरघळणारी. दुसरी घन, पण तापवली तर नरम होणारी. तिसरी कायमची, मग तापवा, बुडवा, काही करा, मागे फिरणे नाही. लाख आणि बेकेलाइट यांतला सगळा फरक या तिसऱ्या अवस्थेत आहे. लाख गार झाली म्हणून घट्ट होते, तिच्या रेणूंमध्ये नवीन बंध तयार होत नाहीत. म्हणून तापवली की पुन्हा सैल. बेकेलाइटचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंफले जातात. भात शिजल्यावर त्याचे पुन्हा तांदूळ होत नाहीत, तसं.

आणि पहिल्या अवस्थेतली पातळ राळ म्हणजे काय? तर चिकटवायचा पदार्थच. ती कापडात, कागदात, लाकडात मुरवायची आणि दाबाखाली तापवायची. वर्कशॉपमधलं रेझिन-बाँड ग्राइंडिंग व्हील, गाडीचं ब्रेक लायनिंग, इलेक्ट्रिकल लॅबमधली तपकिरी हायलमची शीट, पिवळ्या बल्बची पितळी टोपी काचेला धरून ठेवणारं सिमेंट, टेबलावरच्या सनमायकाचे आतले कागदाचे थर, हे सगळं त्याच राळेच्या घराण्यातलं. पाण्यात टिकणारं मरीन प्लायवूड, ज्याचं आयएस ७१० हे मानक आपण दुकानदाराच्या तोंडून ऐकतो, त्याचे थर फिनॉल-फॉर्मल्डिहाइडनंच जोडलेले असतात. वेस्टिंगहाउस कंपनीनं १९१० च्या सुमाराला कापड-कागदात हीच राळ मुरवून मायकार्टा नावाचा माल काढला. आज महागड्या सुऱ्यांच्या मुठी त्याच्या असतात. ना फुगत, ना आकसत, ना तडकत. म्हणजे लाकडी मुठीच्या चिरेवरचं खरं उत्तर बेकलँड यांच्या राळेनं दिलं, फक्त मूठच बदलून!

आता ज्यांच्याकडे मायकार्टाची सुरी नाही, म्हणजे आपण सगळे, त्यांनी काय करावं? बेकलँड यांचीच पद्धत वापरावी. पदार्थाचं नाव नंतर, आधी काम काय आहे ते बघावं. फट किती? ओल किती? उष्णता किती? आणि हिसका किती?

लाकडी मूठ नुकती, स्वच्छ तडकली असेल आणि दाबल्यावर दोन्ही बाजू बेमालूम जुळत असतील तर साधा पांढरा फेविकोल उत्तम. पण तो चिरेत खोलवर गेला पाहिजे, सुतळीनं किंवा क्लॅम्पनं आवळून चोवीस तास ठेवलं पाहिजे. फेविकोल लाकडात पाणी सोडून सुकतो, त्यामुळे लोखंडाला तो काही धरत नाही, आणि साधा फेविकोल ओलीत नरम पडतो. रोज धुवायच्या सुरीला किंवा पावसात वापरायच्या विळ्याला तो नको.

केसासारखी बारीक चीर असेल, जिच्यात सुईसुद्धा जात नाही, तिथं फेविक्विकसारखं सायनोॲक्रिलेट आपोआप ओढलं जातं. तिथं ते बरं. पण ते ठिसूळ असतं. हिसका बसणाऱ्या कोयत्याला आणि रोजच्या पाण्याला टिकत नाही. फट दिसत असेल तर ट्यूब रिकामी केली तरी उपयोग नाही. गंमत म्हणजे या पदार्थाची कहाणीही बेकलँड यांच्यासारखीच आहे. १९४२ मध्ये कोडॅकमध्येच हॅरी कूव्हर यांच्या हाती तो आला आणि सगळ्याला चिकटतो म्हणून बाजूला टाकला गेला. १९५१ मध्ये पुन्हा हाती लागला तेव्हा तेच त्याचं मोल असल्याचं लक्षात आलं.

पातं आणि लाकूड यांच्यात पोकळी झाली असेल, मूठ खुळखुळत असेल, तर दोन ट्यूबवालं इपॉक्सी. अराल्डाइट या नावानं ते १९४६ पासून माहीत आहे. हेही थर्मोसेट, म्हणजे बेकलँड यांच्याच तिसऱ्या अवस्थेचं भावंड, फक्त सुकायला दाब लागत नाही. ते आकसत नाही म्हणून पोकळी भरतं, लोखंड आणि लाकूड दोन्हींना धरतं. लाकडाचा बारीक भुसा मिसळला तर मोठी फटही भरते. पण तयारी नको का? पात्याच्या शेपटीवरचा गंज पॉलिश पेपरनं काढायचा, हाताचं आणि स्वयंपाकाचं तेल ॲसिटोननं पुसायचं. साग किंवा शिसवीसारखं स्वतःचं तेल असलेलं लाकूड तर पुसायलाच हवं. दोन्ही ट्यूब सांगितलेल्या प्रमाणातच घ्यायच्या. हार्डनर जास्त घातला की लवकर घट्ट होतं हा हॉस्टेलचा गैरसमज आहे. जास्तीचा हार्डनर तसाच राहतो आणि सांधा कच्चा होतो. पाच मिनिटांवाल्यापेक्षा रात्रभर घेणारं मजबूत. आणि लाकूड ओलं असेल तर काहीच लावू नका. आधी सावलीत नीट वाळवा. आमच्या गावाकडच्या दुरुस्त्या बहुतेक इथंच फसतात.

कुकर किंवा तव्याचा बेकेलाइटचा दांडा तुटला तर मात्र चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये. तो वितळवून जोडता येत नाही, आणि साधं इपॉक्सी साठ-सत्तर अंशांनंतर नरम पडायला लागतं. गॅसवर उकळत्या वरणासकट हातातून भांडं निसटणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. दहा-वीस रुपयांसाठी हात भाजून घेण्यापेक्षा नवा दांडा स्क्रूनं बसवावा. स्वस्त सुरीची दुधी प्लास्टिकची मूठ बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. तिला यांतलं काहीही नीट चिकटत नाही. आणि हातोडा, कुऱ्हाड, घण यांचा दांडा तडकला तर तो चिकटवायचाच नाही, बदलायचा. धामणीचा लवचिक दांडा यासाठीच वापरतात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण वेगळ्या अर्थाची, पण तडकलेला दांडा समोर उभ्या असलेल्या माणसाला खरोखरच काळ ठरू शकतो.

फटीचं महत्त्व किती, याचं एक मोठं उदाहरण आपल्याच देशातलं. दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो नावाची ब्रिटिश विमानं लाकडाची होती, प्लायवूड आणि डिंकानं जोडलेली. १९४४ च्या अखेरीस हिंदुस्थान-ब्रह्मदेश आघाडीवर त्यांचे पंख निकामी होऊन अपघात झाले आणि विमानं जमिनीवर ठेवावी लागली. आधी दोष हवेवर गेला. तपासात मात्र सांध्यांमधल्या फटी आणि चिकटवतानाची ढिलाई सापडली.

पुन्हा बेकलँड यांच्याकडे. १९१० मध्ये जनरल बेकेलाइट कंपनी निघाली आणि न्यू जर्सीत कारखाना सुरू झाला. नुसती राळ ठिसूळ असते, म्हणून तिच्यात साधारण निम्मं लाकडाचं पीठ मिसळत. तुटलेला बेकेलाइटचा दांडा नीट पाहिला तर आत ते तपकिरी दाणे दिसतात. नकली माल आला, पेटंटचे दावे चालले. बेकलँड यांनी कोर्टात प्रतिस्पर्ध्यांना हरवलं आणि १९२२ मध्ये त्यांतल्या दोन कंपन्यांना आपल्यात सामावूनही घेतलं. हा भाग मला आवडतो. १९२४ साली ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि त्याच सप्टेंबरमध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा चेहरा आला.

त्याच १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला लाखेची संशोधन संस्था सुरू झाली. हा योगायोग असेल, पण बोलका आहे. विजेच्या कामातून शेलॅकला बेकेलाइट बाहेर ढकलत होतं. ग्रामोफोनच्या तबकड्या आणखी वीसेक वर्षं लाखेच्याच राहिल्या, मग व्हिनाइल आलं आणि तेही गेलं. पळसाच्या फांद्या खरवडणाऱ्या ज्या घरांचं पोट लाखेवर होतं, त्यांना यॉन्कर्सच्या त्या गोठ्यात काय शिजलं हे कधीच कळलं नाही. भाव पडला तेवढा कळला. बेकलँड यांच्या चरित्रांत ही बाजू सहसा येत नाही. लाख मात्र संपली नाही. औषधाच्या गोळ्यांवर, फळांवर, फर्निचरच्या पॉलिशमध्ये ती आजही आहे, कारण ती पोटात गेली तरी चालते. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडबद्दल असं कुणी म्हणणार नाही. दोन्ही विषारी, आणि बंद प्लायवूडच्या खोलीत डोळे चुरचुरतात ते बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइडमुळेच.

म्हातारपणी बेकलँड विक्षिप्त झाले. फ्लोरिडातल्या घरी एकटेच राहायचे, डब्यातलं बंद अन्न खायचे, उकडलं की पांढऱ्या कपड्यांसकट पोहण्याच्या तलावात उतरायचे. मुलाला धंद्यात रस नव्हता. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडला विकली. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बिकन इथं, वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते वारले. ज्या लोखंडी दाबपात्रात सुरुवातीचं बेकेलाइट शिजलं, ते बेकेलायझर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे. जाड बिडाचं, बोल्ट आवळलेलं, आपल्या बॉयलर लॅबमध्ये ठेवलं तर कुणी वळूनही बघणार नाही असं.